मासळी कुठे मिळाली

धुक्याच्या दिवसांत धक्का अर्धाच दिसायचा. मागून येणारी होडी लागली हे डोळ्यांआधी कानांना कळायचं. इंजिनाची ठकठक मंदावायची, ओला दोर दगडावर आपटायचा, मग कुणीतरी खोकायचं. धाकटी तोवर आपल्या होडीतल्या टोपल्या उतरवून, मांडून बसलेली असायची. तिला धुकं आवडायचं. धुक्यात समोरच्याच्या तोंडाकडे बघून बोलावं लागत नाही, आणि रोज सकाळी तिला जे बोलायचं असायचं ते तोंडाकडे बघून बोलण्यासारखं नव्हतं.

मोजणीवाल्या बाई धुक्यातून निघायच्या त्या आधी छत्री, मग चष्मा, मग बाई अशा क्रमाने. मत्स्य कार्यालयाने त्यांना अकरा वर्षांपूर्वी या धक्क्यावर नेमलं होतं. एका हातात लटकता काटा, दुसऱ्या हातात लाकडी मोजपट्टी, काखेत वही. टोपलीतला एकेक मासा उचलून शेपटीपासून तोंडापर्यंत मोजायच्या, आणि मोजताना त्याच्याशी बोलायच्या. "तू बरा वाढलास रे," असं मेलेल्या माशाला म्हणायला माणूस तितकं साधं असावं लागतं.

"किती गं आज?"

"तीन टोपल्या."

"कुठे मिळाली?"

"टक्कलावर, बाई."

बाई लिहायच्या. मग दोघी टोपल्यांच्या मागे पालथ्या डब्यांवर बसून धाकटीच्या किटलीतला चहा प्यायच्या. बाईंच्या मुलीची परीक्षा, धाकटीचं गुडघेदुखीचं तेल, बर्फाच्या कारखान्यातल्या मुकादमाचा नवा दात, सगळं व्हायचं. इतक्या वर्षांत दोघींनी एकमेकींपासून काही लपवलं नव्हतं. धाकटीने एकच गोष्ट लपवली होती, आणि ती रोज.

टक्कल म्हणजे धक्क्यावरून तासाभरावरचा वाळूचा उथळा. तळाला ना गवत, ना चिखल, ना दगड. टकलावर उवा शोधाव्यात तसे तिथे मासे शोधावे लागत. तिथे कुणी जाळं टाकत नसे. पण विचाराल त्या होडीवाल्याची मासळी टक्कलावरचीच असे.

धाकटी लग्न होऊन आली त्याच आठवड्यात, मिठाचा डबा कुठला हे कळायच्याही आधी, मामंजींनी तिला समोर बसवून सांगितलं होतं, "पोरी, ओल्या दोरावर कधी उभं राहायचं नाही. आणि मासळी कुठे मिळाली असं कुणी विचारलं तर टक्कल सांगायचं. सख्ख्या भावाने विचारलं तरी टक्कल." तिचा दीर बायकोमुलांसह शहरात निघून गेला, घरात थोरली राहिली नाही, तरी ती धाकटीच राहिली; आणि पस्तिशी उलटली तरी टक्कलच सांगत राहिली. धक्क्यावरची सहाही घरं तेच सांगत. सगळ्यांना सगळं ठाऊक होतं आणि कुणालाच काही ठाऊक नव्हतं.

मासळी मिळायची ती माहेरात.

दोन तास आत गेलं की समुद्राच्या तळाला एक मऊ चिखलाची खोलगट जागा होती. धुकं पडायला लागलं की मासळी लांबलांबून तिथे अंडी घालायला यायची, म्हणून कुणा पणजीने तिला माहेर म्हटलं, आणि तेच नाव राहिलं. माहेराच्या पोटात जाळं टाकायचं नाही, कडेकडेने टाकायचं, हा सहा घरांचा न लिहिलेला कायदा. तो मोडला म्हणून एका घराशी मामंजींच्या वडलांनी मरेपर्यंत अबोला धरला होता.

धुक्यात कडा कुठे आणि पोट कुठे हे ओळखायचं एकच साधन होतं, ते म्हणजे वल्हं. इंजिन बंद करायचं, वल्ह्याचं पातं पाण्यात खोल सोडायचं आणि दांड्याला कान लावायचा. खाली मासळी बोलत असते. शेजारच्या खोलीत कुणी झोपेत पुटपुटावं तसा आवाज लाकडातून वर येतो. तो एका बाजूला ऐकू आला की कडा, आणि सगळीकडून यायला लागला की आपण पोटात आलो, गुपचूप मागे फिरायचं. मामंजींएवढं हे कुणाला जमत नसे. धक्का त्यांना कानवाले म्हणायचा.

आता या कानवाल्यांना दोन वर्षांपासून ऐकू येत नव्हतं, हे फक्त धाकटीला ठाऊक होतं. एकदा त्यांच्या पाठीमागे पितळी पातेलं फरशीवर पडलं, खळ्ळकन आवाज झाला, आणि मामंजी शांतपणे जाळ्याची गाठ मारत राहिले. दीर गेल्यापासून धुक्याच्या दिवसांत होडीवर तीही जायची. तिने दुसरं वल्हं घेतलं, आपल्या बाजूने पाण्यात सोडलं, कान लावला, आणि कडा आली तशी टाचेने फळीवर एकदा ठोकलं. ते मामंजींच्या तळपायाला कळलं. त्यांनी हात वर केला. नवऱ्याने जाळं सोडलं. तेव्हापासून असंच चालत आलं होतं. सासऱ्याने सुनेला कधी विचारलं नाही, सुनेने कधी सांगितलं नाही, आणि नवरा बिचारा बापाच्या कानाचं कौतुक करत राहिला.

त्या वर्षी धुकं लवकर पडलं. एके सकाळी मोजणीवाल्या बाई आल्या त्या हसतच. वहीतून त्यांनी घडी केलेला मोठा कागद काढला.

"बघ. कारखान्याच्या भिंतीवर लावलाय तोच. ही प्रत माझ्यासाठी दिली साहेबांनी."

समुद्राचा नकाशा होता. मासेमारीचे नवे नियम करण्याआधी सरकारने पर्यावरणाचा अहवाल करून घेतला होता. कुठे काय जगतं, कुठे जाळं ओढलं तर काय मरेल, याचा. त्यावर महिन्याभरात हरकती मागवल्या होत्या, सुनावणी व्हायची होती. नकाशावर एक तुकडा हिरवागार रंगवला होता.

"हे टक्कल," बाई म्हणाल्या. त्यांनी हिरव्यावर बोट टेकवलं. "राखीव करतायत. एवढी मासळी देणारी जागा जपलीच पाहिजे असं लिहिलंय. आणि अगं, सगळं माझ्या वह्यांवरून. शेवटच्या पानावर माझं नाव आहे."

धाकटीने हिरव्या तुकड्याकडे पाहिलं आणि मग तिची नजर आपोआप त्याच्या पलीकडे, खाली उजवीकडे गेली. तिथे पांढऱ्यावर तिरप्या रेघा मारल्या होत्या.

"आणि हे, बाई?"

"ते काही नाही. तिथे कुणालाच कधी मासळी मिळाली नाही ना, अकरा वर्षांत एक नोंद नाही. म्हणून तिथे मोठ्या बोटींना तळाची जाळी ओढायला परवानगी देणार आहेत. 'परिणाम नगण्य' असं लिहिलंय. असू दे की, ओसाडच जागा ती."

तळाची जाळी म्हणजे लोखंडी साखळ्यांची. शेतात कुळव फिरवावा तशी तळ खरवडत जाते. धाकटीने किटली उचलली, पेल्यात चहा ओतला, आणि पेला भरला तरी ओततच राहिली.

"अगं, अगं," बाई म्हणाल्या. "लक्ष कुठे आहे तुझं?"

घरी नवऱ्याला सांगितलं तेव्हा तो अंगणात जाळं पसरून फाटकं शोधत होता. त्याने सगळं ऐकलं. सुई दातात धरली, दोरा ओढला, गाठ मारली आणि मग म्हणाला, "सरकार टक्कल राखणार?"

"हो."

"टक्कल?" तो हसायला लागला. हसता हसता त्याच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि ते नुसतं हसण्याचं राहिलं नाही. "आपल्याच हाताने आपल्या पायावर धोंडा पाडून घेतला म्हणायचा."

"सुनावणीत सांगायला हवं."

"काय सांगायचं? अकरा वर्षं खोटं बोललो म्हणून? सगळ्या धक्क्यासमोर? आणि माहेर कुठे आहे ते सांगितलं, नकाशावर आलं, की उद्या शंभर होड्या तिथे. बापजाद्यांनी जिवापाड लपवलं ते तू माईकवर सांगणार?"

"नाही सांगितलं तर खरवडून नेतील."

"पलीकडच्या होडीवाल्या मिशीवाल्यांना विचार. ते म्हणतील तोंडावर बोट. मोठ्या बोटी येतील नि जातील."

"साखळ्या येतील नि जातील, अहो. चिखल परत यायचा नाही."

मामंजी ओट्यावर बसून वल्ह्याच्या दांड्याला तेल लावत होते. दोघांच्या ओठांकडे आळीपाळीने बघत होते. धाकटी त्यांच्यापुढे जाऊन बसली आणि बाईंकडून मागून आणलेला नकाशा मांडीवर पसरला. हिरव्यावर बोट ठेवलं. तिरप्या रेघांवर ठेवलं. मग दोन्ही हातांची बोटं वाकडी करून कागदावरून नखं ओढत नेली. मामंजींना कळलं. तेलाची चिंधी त्यांच्या हातातून खाली पडली ती त्यांनी उचलली नाही. नकाशावरून नजर न काढता म्हणाले, "मीच शिकवलं तुला." एवढंच. त्या दिवशी ते जेवले नाहीत.

सुनावणीच्या दोन दिवस आधी धाकटीने बाईंना सांगितलं. भर सुनावणीत त्यांना दगा देणं तिला जमणार नव्हतं. चहा झाल्यावर सांगायचं ठरवलं होतं, पण किटलीचं झाकण उघडायच्या आधीच तोंडातून निघून गेलं.

"बाई, टक्कलावर मासळी नाही. कधीच नव्हती."

बाई मोजपट्टी हातात धरून उभ्या राहिल्या. धुकं त्या दिवशी नेमकं विरळ होतं.

"म्हणजे?"

तिने सगळं सांगितलं. ऐकता ऐकता बाईंनी मोजपट्टी टोपलीवर ठेवली. मग वही उघडली, मागची पानं उलटली, आणखी मागची उलटली. पानापानावर त्यांच्या सुबक अक्षरात टक्कल, टक्कल, टक्कल.

"मुलीच्या लग्नाच्या दुसऱ्या दिवशी मी इथे होते," त्या म्हणाल्या. "ताप अंगात घेऊन आलेय. एक दिवस खाडा नको म्हणून. आणि तू माझ्यासमोर बसून, माझ्या हातात पेला देऊन..."

"बाई, आमच्याकडे तशी रीतच..."

"एकदा तरी खरं सांगितलंस का गं?"

"किती टोपल्या ते नेहमी खरंच सांगितलं."

बाईंनी वही काखेत घातली. भरलेला पेला डब्यावर तसाच राहिला. धाकटीने तो समुद्रात ओतला, आणि त्या दिवशी मासळी निवडताना काट्याने तिचा अंगठा दोनदा फाटला.

सुनावणी बर्फाच्या कारखान्यावरच्या माडीवर झाली. खालून गारठा येत होता आणि वर पंखे फिरत होते, त्यामुळे सगळे अंग चोरून बसले होते. टेबलामागे अहवालवाले साहेब होते. तरुण, सभ्य, प्रत्येकाला "बसा ना" म्हणणारे. त्यांच्या बाजूला अकरा वर्षांच्या वह्यांची चळत, आणि चळतीजवळ मोजणीवाल्या बाई. त्या खाली बघत होत्या. धाकटी एकटी आली होती. नवरा म्हणाला होता, मी येणार नाही.

ती उभी राहिली. माईक तोंडाच्या फार जवळ धरला, तो किंचाळला, मागची माणसं हसली. मग तिने सांगितलं. वाक्यं पाठ करून आली होती ती सगळी गेली. उरलं ते एवढंच की तिथे मासळी नाही, इथे आहे, आम्ही खोटं बोललो.

साहेबांनी चष्मा काढून पुसला. "ताई, माझ्याकडे हजारो नोंदी आहेत. त्या तुम्हीच दिल्यात. आज तुम्ही म्हणता त्या खोट्या. मग मी कुठलं धरू? आधीचं खोटं, की आत्ताचं?"

लांडगा आला रे आला करणाऱ्याची गोष्ट ती स्वतःच्या पोरांना सांगत आली होती.

"इथे आणखी होडीवाले आहेत," साहेब म्हणाले. "तुम्ही सांगा. मासळी कुठे मिळते?"

मागच्या रांगेत माणसं आपापल्या चपला निरखू लागली. शेवटी मिशीवाले उठले, घसा साफ केला. "आम्ही तर टक्कलावरच जातो साहेब." आणि बसले. ते धाकटीच्या नात्यातले होते, लग्नात तिला उचलून आणलं होतं त्यांनी. तिच्या कानशिलांत रक्त चढलं. कुणी थोबाडीत मारावी तसं वाटलं. तिने माईक ठेवला तो टेबलावरून घरंगळला, आणि तो उचलायला सगळ्यांसमोर तिला टेबलाखाली वाकावं लागलं.

ती खाली असतानाच तिने बाईंचा आवाज ऐकला.

"साहेब, वह्या माझ्या आहेत."

"हो, बाई. फार चांगल्या आहेत."

"अक्षर चांगलं आहे. वजन खरं, लांबी खरी. ठिकाण मी कधी पाहिलं नाही. मी धक्क्यावरच उभी राहिले, विचारलं आणि लिहिलं. टक्कलावर एवढा मासा खातो काय, असं एकदा मनात आलं होतं. मी ते लिहायला हवं होतं. लिहिलं नाही." त्यांनी अहवालाचं शेवटचं पान उघडलं. "हे माझं नाव काढा, किंवा मला जाऊन मोजू द्या."

साहेबांनी कागद चाळले. मुदत संपायला पाच दिवस होते, असं ते स्वतःशीच म्हणाले. "पण नेणार कोण?"

"होडी माझी आहे," दाराकडून आवाज आला. नवरा चौकटीत उभा होता. चप्पल हातात, पाय चिखलाचे. कधीपासून उभा होता कोण जाणे. "मी नेतो."

तिसऱ्या दिवशी पहाट फुटल्यावर निघाले. होडीत पाच माणसं. नवरा इंजिनापाशी, साहेब मधल्या फळीवर बादली मांडीत घेऊन, कारण धक्का सुटल्या सुटल्या त्यांच्या पोटाने असहकार पुकारला होता. बाई होडीच्या पुढच्या टोकाशी, नाळेजवळ, वही प्लास्टिकमध्ये गुंडाळून. मामंजी आणि धाकटी आपापलं वल्हं घेऊन. धुकं इतकं दाट होतं की पाणी कुठे संपतं आणि हवा कुठे सुरू होते हे हात बुडवल्याशिवाय कळत नव्हतं. इंजिनाचा आवाजही कापसात गुंडाळल्यासारखा येत होता. धाकटीला वाटलं, आपण कुठे चाललोच नाही, होडी एका जागी आहे आणि सकाळच हळूहळू मागे सरकते आहे. माहेराला येताना तिला नेहमी असंच वाटायचं. लहानपणी तापात वाटायचं तसं, सगळं जवळ आणि सगळं लांब, आणि भीती कशाचीच नाही.

नवऱ्याने इंजिन बंद केलं. मामंजींनी वल्हं सोडलं, दांड्याला कान लावला, डोळे मिटले. साहेबांनीही बादलीतून डोकं वर काढून पाहिलं. म्हातारा फार सुंदर दिसत होता तेव्हा. पांढरी दाढी, पांढरं धुकं, आणि मधे तो काळा दांडा.

मामंजींनी हात वर केला.

धाकटीने टाच उचललीच नव्हती. तिच्या वल्ह्यात नुसतं पाणी वाजत होतं. इथे माहेर नव्हतं, माहेर अजून पाव तासावर होतं.

"इथेच," मामंजी म्हणाले. "इथे टाक जाळं."

नवऱ्याने जाळ्याला हात घातला. बाईंनी वही उघडली. धाकटीने मामंजींकडे पाहिलं. त्यांनी डोळे उघडले नव्हते, पण पापण्या थरथरत होत्या, आणि तिला लख्ख कळलं. त्यांचा कान चुकला नव्हता. कान तर होताच कुठे? त्यांना लपवायचं होतं. सत्तर वर्षांची जीभ ऐन वेळी टक्कलच म्हणाली. इथे जाळं रिकामं आलं असतं, साहेबांनी वही मिटली असती, आणि पुढच्या मोसमात साखळ्या आल्या असत्या.

सासऱ्याचा शब्द परक्यांसमोर तिने कधी खाली पडू दिला नव्हता.

"मामंजी," ती त्यांच्या गुडघ्यावर हात ठेवून मोठ्याने म्हणाली, "इथे नाही."

नवरा चपापला. "अगं, बाबा ऐकतायत ना."

तिने गुडघ्यावरचा हात काढला नाही. मामंजींनी डोळे उघडले. तिच्याकडे पाहिलं, तिच्या टाचेकडे पाहिलं, मग मुलाकडे. त्यांनी वल्हं पाण्यातून ओढून काढलं आणि मांडीवर आडवं घेतलं. थेंब त्यांच्या पायांवर पडत राहिले.

"मला ऐकू येत नाही रे," ते म्हणाले. "दोन वर्षं झाली. ही ऐकते. हिला विचार."

नवऱ्याने बायकोकडे पाहिलं. दोन वर्षांची सगळी जाळी त्याच्या डोळ्यांपुढून गेली असणार. तो काहीतरी विचारणार होता, पण साहेबांना पुन्हा बादली लागली. त्याने मान हलवली आणि इंजिन सुरू केलं.

पाव तासाने धाकटीने हात वर केला. आयुष्यात पहिल्यांदा, सगळ्यांना दिसेल असा. होडी थांबली. तिने कान लावला. खाली, फार खाली, ती सगळी जमली होती. एकीने सुरू करावं, दुसरीने उचलावं, तिसरीने मधेच हसावं, तसा तो आवाज लाकडातून वर येऊन तिच्या जबड्यात, दातांत, छातीत पसरला. दर वेळी तिला वाटायचं की एक शब्द आत्ता कळेल. कधी कळत नसे.

तिने वल्हं बाईंपुढे केलं. बाईंनी वही मिटून फळीवर ठेवली. मग चष्मा काढला, वाकल्या आणि कान दांड्याला लावला.

कितीतरी वेळ त्या उठल्याच नाहीत. धुक्यातून सूर्य म्हणून एक पिवळट ठिपका वर आला. बाईंचा चेहरा लहान मुलीसारखा झाला होता. अकरा वर्षं त्यांनी हजारो मासे हातात घेतले होते, त्यांच्याशी बोलल्या होत्या. त्यांच्यापैकी एकानेही उत्तर दिलं नव्हतं.

"एवढे?" त्या हळूच म्हणाल्या.

बारीक जाळं टाकलं, काढलं. पिल्लं नखाएवढी, आरपार दिसणारी, नुसते काळे डोळे पाण्यात हलावेत तशी. बाईंनी ओल्या तबकात मोजली, साहेबांनी आडवं पडून फोटो काढले, आणि सगळी परत सोडली. सोडताना बाई काहीतरी पुटपुटल्या, ते कुणाला ऐकू आलं नाही. मग त्यांनी पेन्सिल ओली केली.

"कुठे मिळाली?" त्यांनी विचारलं. आवाजात राग होता अजून.

"माहेरात," मामंजी म्हणाले. ते बाईंचे ओठ वाचत होते.

नवा कागद महिन्याभराने कारखान्याच्या भिंतीवर लागला. मोठ्या बोटींची परवानगी रद्द झाली होती. तिरप्या रेघांच्या जागी हिरवा रंग होता. धाकटीने तो वाचला, पुन्हा वाचला, आणि मग खालची ओळ तिसऱ्यांदा वाचली. सदर क्षेत्रात आणि त्याच्या कडेपासून एक मैलापर्यंत कोणत्याही प्रकारचं जाळं, कोणत्याही होडीला, कोणत्याही ऋतूत टाकता येणार नाही. टक्कल मात्र सर्वांसाठी खुलं.

धक्क्यावर त्यानंतर तिच्याशी कुणी फारसं बोललं नाही. मिशीवाले तिच्या टोपल्यांना वळसा घालून जाऊ लागले. नवरा भांडला नाही, पण रात्री जेवताना भाकरी हातात धरून एकदा म्हणाला, "लपवलं असतं तरी गेलं असतं, सांगितलं तरी गेलंच." ती म्हणाली, "गेलं नाही. तिथेच आहे." त्याने भाकरी ताटात ठेवली, आणि तिलाही आपलं बोलणं पोटाला पुरेल असं वाटलं नाही.

मामंजींच्या समोर बसून तिने ती ओळ ओठ सावकाश हलवत वाचली होती. त्यांनी ती दोनदा वाचायला लावली. मग वल्हं भिंतीला टेकवून ठेवलं.

"माझी आई म्हणायची," ते म्हणाले, "लेक बाळंतपणाला माहेरी आली की जावयाने उठसूट दारात उभं राहू नये. आपण जावई होतो गं. लाज सोडून रोज जात होतो." आणि मग तोंड फिरवून बसले, कारण जावई झाला तरी त्यालाही ते घर आपलं वाटत असतं.

पुढच्या मोसमात धुकं पुन्हा पडलं. होडी पहाटे निघायची आणि तासाभरातच थांबायची. वल्हं पाण्यात सोडायचं कारण उरलं नव्हतं, तरी धाकटी एकदा सोडून बघायची. वाळू काही बोलत नसे. कधी कधी मात्र फार लांबून काहीतरी आल्यासारखं वाटे, आणि ती कान काढून घेई, कारण ते खरं असो की नसो, तिला दोन्ही सोसवलं नसतं. चार तास जाळं ओढून टोपलीचा तळ झाकला जायचा.

धक्क्यावर आधी छत्री दिसली, मग चष्मा, मग बाई. वर्षभर त्या येत होत्या, मोजत होत्या, लिहीत होत्या. कामाचं सोडून एक शब्द बोलल्या नव्हत्या. धाकटी किटली आणायची आणि एकटीच प्यायची.

"किती?"

"जेमतेम टोपलीचा तळ."

बाईंनी मासे मोजले. सहा होते. सहाही वितीएवढे, पण नव्या वाढीचे, चकचकीत.

"कुठे मिळाली?"

धुकं दाट होतं. पण धाकटीने मान वर केली आणि बाईंच्या तोंडाकडे पाहिलं.

"टक्कलावर, बाई."

पेन्सिल कागदावर टेकली आणि थांबली. बाईंनी चष्म्यावरून तिच्याकडे पाहिलं, मग तिच्या हातांकडे, जाळं ओढून सोललेल्या बोटांकडे, मग त्या सहा माशांकडे.

"खरंच?"

"खरंच."

बाईंनी लिहिलं, नेहमीच्याच सुबक अक्षरात. वही मिटली, काखेत घातली, आणि एक रिकामा डबा पायाने ओढून पालथा केला.

"चहा आहे का गं?" त्या म्हणाल्या.